पुडी आणि जिभेखालची गोळी

"आते काय ऱ्हायनं भाऊ? वय व्हई गयं." खुर्चीत बसता बसता ते एवढंच बोलले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. अमळनेरकडचे कापूस लावणारे शेतकरी, वय 56. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

अंगात त्राण नाही, चिडचिड होते, रात्री तीन-तीनदा लघवीला उठावं लागतं आणि पत्नीजवळ जायची हिंमत होत नाही. वर्षभर खाट धाब्यावर, म्हणजे घराच्या छतावर, टाकून एकटेच झोपत होते. आठवडे बाजारात कुणीतरी सांगितलं, "तुमचं पुरुषाचं हार्मोन आटलंय," आणि अश्वगंधा, गोखरू, मुसळीची म्हणून एक पुडी दिली.

"गुण येतो, तासाभरात येतो," ते म्हणाले.

मी तिथेच थबकलो. जडीबुटी तासाभरात असा गुण देत नाही. अशा बिननावाच्या पुड्यांमध्ये सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे.

"दादा, दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत?"

सदऱ्याच्या खिशातून त्यांनी सॉर्बिट्रेटची चुरगळलेली पट्टी काढली. दोन गोळ्या वापरलेल्या होत्या. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची. ही गोळी आणि सिल्डेनाफिल एकत्र आलं तर रक्तदाब इतका कोसळतो की माणूस जाऊ शकतो. पुडी त्याच दिवशी बंद करायला लावली आणि त्यांना हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. पुडी घेतल्याचं तिथे लपवू नका, हेही दोनदा बजावलं.

टेस्टोस्टेरॉन, म्हणजे तेच पुरुषाचं हार्मोन, चाळिशीच्या आसपासपासून दरवर्षी साधारण एक टक्का उतरतं. नुसत्या वयाने ते एकदम आटत नाही. सुटलेलं पोट, मधुमेह, अपुरी झोप त्याला जास्त खाली ओढतात. तपासायचं तर सकाळी, उपाशीपोटी, आणि कमी आलं तर आणखी एखाद्या दिवशी पुन्हा. दादांचं ठीक निघालं. तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) मात्र 9.4 टक्के होती, म्हणजे मधुमेह! थकवा, रात्रीचं उठणं, ताठरता न येणं, सगळ्याची वाट तिकडूनच जात होती. ताठरतेची तक्रार कधी कधी हृदयविकाराच्याही आधी दिसते, म्हणून ती लाजेपोटी दाबू नये असं मी प्रत्येकाला कळवळून सांगतो.

"मग अश्वगंधा घेऊच नको का?" हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो. छोट्या अभ्यासांत तिचा थोडा फायदा दिसलाय, पण काहींच्या यकृताला त्रासही झालाय, आणि थायरॉईडची गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय नकोच. गोखरूने माणसात हे हार्मोन वाढल्याचा भरवशाचा पुरावा नाही. कच्च्या शिलाजितात शिसं, पारा असू शकतो.

तिसऱ्या भेटीला वहिनी सोबत आल्या. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग दादांकडे न बघताच म्हणाल्या, "खाट वर नेली तेव्हा मला वाटलं, माझंच काही चुकलं."

दादांनी मान खाली घातली. त्या दिवशी औषधांचा विषय आम्ही काढलाच नाही.