प्लाझ्मिडच्या प्रतींची मोजदाद कोण ठेवते?

प्रश्न : महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आम्ही ई. कोलाय जिवाणूंच्या सारख्याच संवर्धनांतून पीबीआर३२२ आणि पीयूसी१९ ही प्लाझ्मिडे (गुणसूत्राबाहेर राहून आपल्या प्रती काढणारी डीएनएची छोटी वर्तुळे) वेगळी केली. पहिल्याचा डीएनए जेमतेम मिळाला, दुसऱ्याचा भरपूर. दोन्ही एकाच घराण्यातील आहेत, मग पेशीत किती प्रती असाव्यात हे कोण ठरवते? – एक विद्यार्थी वाचक

उत्तर : पेशीत प्रती मोजणारा कोणी मुनीम नसतो. प्रती वाढल्या की त्यांना अटकाव करणारा रेणूही त्याच प्रतींवरून तितका अधिक तयार होतो.

आपल्या दोन्ही प्लाझ्मिडांचे जवळचे नातलग म्हणजे सुमारे ६,६०० बेसजोड्यांचे कोलईवन हे प्लाझ्मिड. प्रतिकृतीसाठी त्याला स्वतःचे एकही प्रथिन लागत नाही; सगळी विकरे (एन्झाइम) यजमान पेशीची असतात. प्रतिकृती जिथून सुरू होते त्या प्रारंभस्थानाच्या ५५५ बेसजोड्या आधीपासून ‘आरएनए-२’ हा रेणू तयार होऊ लागतो, आणि तो योग्य घडी घालून डीएनएला चिकटून राहिला, तरच आरएनएज एच हे विकर त्याला प्रारंभस्थानाशी कापते व त्या टोकापासून डीएनए पॉलिमरेज-१ नवा धागा विणू लागते. त्याच पट्ट्यातील समोरच्या धाग्यावरून, उलट दिशेने, १०८ न्यूक्लिओटाइडांचा ‘आरएनए-१’ तयार होतो. तो आरएनए-२ला पूरक असल्याने दोघांच्या घड्यांमधील फासे आधी एकमेकांना टेकतात, मग दोन्ही रेणू जुळतात. त्यामुळे आरएनए-२ची घडी बिघडते आणि ती प्रतिकृती सुरूच होत नाही. रॉप नावाचे ६३ अमिनो आम्लांचे छोटे प्रथिन फाशांची ही पहिली गाठ पक्की करते. जुनइची टोमिझावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या सुमारास ही यंत्रणा परीक्षानळीत उलगडून दाखवली.

माझ्या मते यातील खरी खुबी आरएनए-१च्या अल्पायुष्यात आहे. तो काही मिनिटांतच नष्ट होतो, म्हणून त्याचे प्रमाण त्या क्षणी असलेल्या प्रतींशी जुळते राहते. तो टिकाऊ असता, तर काही कारणाने प्रती घटल्यावरही जुना साठा रेंगाळत अटकाव करत राहिला असता.

आता आपला प्रयोग. पीबीआर३२२मध्ये रॉपचे जनुक शाबूत असल्याने प्रती साधारण १५ ते २० राहतात. पीयूसी१९मध्ये ते जनुक नाही, शिवाय आरएनए-२मधील एका बदललेल्या अक्षरामुळे आरएनए-१ची पकड ढिली पडते. ३७ अंश सेल्सिअसला त्याच्या काहीशे प्रती होतात. (३० अंशांना ही वाढ बरीचशी दबते, तेव्हा शेकर-इनक्युबेटरचे तापमान जरूर पाहावे.) जुन्या पद्धतीत संवर्धनात प्रथिननिर्मिती रोखणारे क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक घालत, तेही या प्लाझ्मिडांना स्वतःचे प्रथिन लागत नाही म्हणूनच : नवी प्रथिने बनणे थांबले की गुणसूत्राची प्रतिकृती खुंटते, पण या प्लाझ्मिडांची चालू राहते.

मात्र प्रती अनेक असल्या म्हणजे त्यांवरील सगळी जनुके कामाला लागतात, असे नाही. कोलईवनवरील कोलिसिन या विषाच्या जनुकाला यजमानाचे लेक्सए हे प्रथिन दडपून ठेवते. पेशीच्या डीएनएला इजा झाली की लेक्सए तुटते, मग विष तयार होते आणि ते बाहेर टाकण्याच्या खटपटीत बनवणारी पेशी स्वतःच मरते. त्यामुळे निरोगी संवर्धनात प्रत्येक पेशीत अनेक प्रती असूनही कोलिसिन बनवणाऱ्या पेशी अगदी मोजक्याच आढळतात.