मोठी ऑर्डर आली आहे, पण आनंद होत नाही. घ्यावी का? यशस्वी होणं म्हणजे नक्की काय?

तुम्ही लिहिलंय की शीटमेटलचा छोटा कारखाना आहे, बारा माणसं आहेत, आठ वर्षं झाली. आता एक मोठी कंपनी सध्याच्या दुप्पट काम द्यायला तयार आहे. त्यासाठी शेजारचा गाळा आणि नवीन मशीन घ्यावं लागेल. घरचे, मित्र, बँकवाले सगळे घे म्हणतायत. तुम्हाला मात्र झोप लागत नाही आणि आपण घाबरट आहोत का, असं वाटतंय.

घाबरट नाही आहात. हे सगळ्यात आधी सांगते, कारण आम्हाला त्या वेळी असं कुणी सांगितलं नव्हतं.

मी नाशिकची. माझे मिस्टर आणि मी अंबड एमआयडीसीत मशीनिंगचं काम करतो, चोवीस वर्षं झाली. मशीन आणि माणसं ते बघतात. हिशेब, बिलं, बँक, डिस्पॅच माझ्याकडे. सातपूर-अंबडला आमच्यासारखे गाळे गल्लोगल्ली आहेत. मोठ्या कंपन्यांना सुटे भाग करून द्यायचे आणि पुढच्या महिन्याचं शेड्यूल, म्हणजे किती माल हवा याचा आकडा, काय येतंय याची वाट बघायची.

२०१७ मध्ये आमच्याकडे तुमच्यासारखीच ऑर्डर आली. दोन व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारी मोठी मिलिंग मशीनं, घेतल्या, राहतं घर तारण ठेवलं. निर्णय एका संध्याकाळी झाला. खरं तर निर्णय झालाच नाही, "अशी संधी परत येत नाही" एवढंच झालं. शेड्यूल निम्म्यावर आलं तर काय, हा प्रश्न आमच्या घरात कुणी तोंडातून काढला नाही. मीही नाही, आणि हिशेबाची वही माझ्याच हातात होती.

पहिलं दीड वर्ष फार छान गेलं. टर्नओव्हर दुप्पट झाला. लग्नकार्यात लोक उठून जागा द्यायला लागले. पुतण्याला सांगायचे, "काकांकडून शिक जरा." मिस्टर रात्री अकराला घरी यायचे, जेवताना फोन कानाला. पुढे कधीतरी मी त्या वर्षाची वही काढून पाहिली. पाच तारखेला ईएमआय, सातला पगार, पंधराला पीएफ, वीसला जीएसटी, महिनाअखेर बँकेच्या सीसीचं, म्हणजे कॅश क्रेडिट कर्जाचं, व्याज. मुलगी त्या वर्षी दहावीला होती, आणि वर्षभराच्या वहीत माझ्याच अक्षरात तिच्या परीक्षेची साधी तारीखही नव्हती. आमच्या धंद्यातलं सगळ्यात यशस्वी वर्ष ते.

मग २०१९ आलं. वाहन उद्योगाची मंदी तुम्हाला आठवत असेल. त्या ऑगस्टमध्ये देशातली प्रवासी वाहनांची विक्री आधीच्या ऑगस्टपेक्षा ३१ टक्क्यांहून जास्त घसरली होती. आमचं ७० टक्के काम एकाच ग्राहकाकडून येत होतं. त्यांनी शेड्यूल आधी निम्मं केलं, मग त्याच्याही निम्मं. ईएमआय काही निम्मा होत नाही.

त्याच दिवाळीत भाऊबीजेला मी माहेरी गेले. माहेर बागलाणचं, सटाण्याच्या बाजूला. तिकडे अर्ली द्राक्षं घेतात. नाशिकच्या इतर भागांत गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरला होते, बागलाणात बरेच जण जुलै-ऑगस्टलाच छाटतात. म्हणजे माल बाजारात लवकर येतो, तेव्हा इतरांची द्राक्षं नसतात आणि भाव चांगला मिळतो. धोका एकच, परतीच्या पावसाचा. त्या वर्षी तो परतलाच नाही. अरबी समुद्रात आधी क्यार आणि पाठोपाठ महा चक्रीवादळ झालं, ऑक्टोबर संपता संपता पाऊस थांबेना. मणी भरत आलेले असताना पाणी लागलं की मणी तडकतात आणि मग कूज लागते. दादाचा तो प्लॉट माझ्या डोळ्यांसमोर गेला. बागेत शिरलं की आंबूस वास यायचा.

मी रडायला लागले. थोडं त्याच्यासाठी, बरंचसं आमच्यासाठी. म्हटलं, "दादा, एवढी लवकर छाटणी करायलाच नको होती रे." तो म्हणाला, "छाटणी चुकली नाही गं. दहा वर्षांत दोन-तीनदा जाणार हे धरूनच छाटतो मी. म्हणून तर दुसरा प्लॉट उशिरा छाटला, आणि सोसायटीचं कर्ज एका प्लॉटच्या जिवावर काढलं नाही. बाग गेली त्याचं वाईट वाटतंय. पण पुढच्या वर्षीही ऑगस्टातच छाटणार."

परत येताना गाडीत मी गप्प होते. दादाचा निर्णय बरोबर होता आणि फळ वाईट आलं. आमचा निर्णय चुकीचा होता आणि दीड वर्ष फळ गोड येत राहिलं. गोड होतं म्हणून सगळ्यांनी पाठ थोपटली, आणि आम्हालाही आपण हुशार वाटलो.

नंतर कळलं की मानसशास्त्रात यावर काम झालेलं आहे. १९८८ मध्ये जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी या दोन संशोधकांनी लोकांना काही निर्णयांच्या हकिगती वाचायला दिल्या, उदाहरणार्थ डॉक्टरने शस्त्रक्रिया करायचं ठरवलं. निर्णय तोच, डॉक्टरला असलेली माहिती तीच. फक्त एकीकडे रुग्ण वाचला, दुसरीकडे दगावला. रुग्ण दगावल्याचं वाचलं की लोक त्याच निर्णयाला कमी दर्जाचा ठरवायचे. आपण धंद्यात रोज हेच करतो. ज्याचं चाललं तो दूरदृष्टीचा, ज्याचं बुडालं तो मूर्ख. निर्णय घेताना त्याच्या हातात काय माहिती होती, त्याने काय गृहीत धरलं होतं, हे कुणी विचारत नाही.

म्हणून तुम्हाला पहिली विनंती. "घेऊ की नको" याचं उत्तर आज शोधू नका. आधी एका कागदावर लिहा की तुम्ही कशावर विसंबून हा निर्णय घेताय. तारीख टाका. मग गॅरी क्लाइन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने सांगितलेली एक पद्धत करून बघा, आम्ही आता दर वेळी करतो. दोन वर्षं पुढे गेलोय आणि हा निर्णय पार फसलाय, असं धरून चालायचं. मग घरातल्या प्रत्येकाने वेगवेगळं बसून लिहायचं, का फसला. "फसेल का?" असं विचारलं की माणसं धीर देतात. "फसलाय, का फसला सांग" म्हटलं की खरं बोलतात. आमच्या मुलीने एकदा लिहिलं होतं, "बाबा आजारी पडले आणि मशीनचं सेटिंग दुसऱ्या कुणाला येत नव्हतं." ही शक्यता आम्हा दोघांच्याही कागदावर नव्हती.

आता पैशाचं बोलते, कारण तुमच्या प्रश्नात टर्नओव्हर आहे, नफा आहे, पण पेमेंट किती दिवसांनी येणार हे कुठेच नाही. वाढीत माणूस बुडतो तो बहुतेक वेळा इथे. समजा आज महिन्याला १० लाखांची बिलं होतात आणि पैसे ९० दिवसांनी येतात. म्हणजे कायम ३० लाख बाहेर. काम दुप्पट झालं की ६० लाख बाहेर. यातला तुमचा नफा सोडा, पत्रेवाल्याची उधारी सोडा, तरी बरीच मोठी रक्कम मशीनच्या कर्जाव्यतिरिक्त उभी करावी लागते. पत्रेवाला बहुतेक रोखच मागतो. वर जीएसटी. १८ टक्के धरला तर २० लाखांच्या बिलांवर ३ लाख ६० हजार. इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर आधीच दिलेला जीएसटी, वजा करून जे उरेल ते पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला भरायचं, ग्राहकाने पैसे दिलेले असोत वा नसोत. ऑर्डर जितकी मोठी, तितकं जास्त भांडवल तुम्ही त्या मोठ्या कंपनीला बिनव्याजी वापरायला देता.

कायदा आपल्या बाजूने आहे. लहान उद्योगांसाठीच्या एमएसएमईडी कायदा, २००६ प्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. २०२३-२४ पासून आयकरातही कलम ४३बी(एच) आलं. मुदत उलटली तर खरेदीदाराला त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी मिळते. त्यानंतर आमच्याकडे थोडा फरक पडला, खोटं कशाला बोलू. पण व्हेंडर कोड जाईल, म्हणजे कंपनीच्या पुरवठादारांच्या यादीतून नाव जाईल, या भीतीने तक्रार करायला माणूस धजत नाही, हेही तितकंच खरं. म्हणून हे बोलणं ऑर्डर घेण्याआधी करायचं. कंपनी ट्रेड्स (TReDS) या बिलं वटवण्याच्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर आहे का, विचारा. तिथे कंपनीने बिल मान्य केलं की बँक तुम्हाला व्याज कापून आधी पैसे देते, आणि कंपनीने पुढे पैसे चुकवले तर ती वसुली तुमच्या अंगावर येत नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, नसेल तर आजच करा, फुकट होते.

दुसरं, परत फिरता येईल अशा पायऱ्या आधी चढा. गाळा विकत घेण्याआधी भाड्याने घ्या. नवीन मशीनआधी आहे त्यावर दुसरी पाळी चालवा. मशीन दिवसाचे किती तास खरंच चालतं, हे महिनाभर लिहून काढा. आमचं "फुल लोड" मशीन प्रत्यक्षात आठ तासांतले साडेपाच तास चालत होतं. जास्तीचं काम शेजारच्या गाळ्याला जॉबवर्कवर द्या, नफा कमी मिळेल पण सहा महिन्यांत ग्राहक कसा आहे ते कळेल. घर तारण ठेवणं ही पायरी मात्र परत फिरता येण्यासारखी नाही. ती वेगळी मोजा.

सुखाचं विचारलंत. २०१० मध्ये डॅनियल काह्नमन आणि अँगस डीटन यांनी साडेचार लाख अमेरिकी उत्तरांवरून मांडलं होतं की वर्षाला सुमारे ७५ हजार डॉलर्सनंतर रोजच्या दिवसातलं सुख फारसं वाढत नाही. २०२१ मध्ये मॅथ्यू किलिंग्सवर्थला उलट दिसलं, वाढत राहतं. मला मनापासून आवडलं ते पुढचं. भांडत न बसता काह्नमन आणि किलिंग्सवर्थ यांनी एकत्र बसून आकडे पुन्हा तपासले आणि २०२३ मध्ये मिळून लिहिलं. बहुतेकांचं सुख पैशाबरोबर वाढतच राहतं, पण सगळ्यात कमी सुखी असलेल्या साधारण वीस टक्के लोकांचं एका उत्पन्नापर्यंत वाढतं आणि मग थांबतं. आकडे अमेरिकेचे आहेत, आपल्याला जसेच्या तसे लागू करू नका. पण मला त्यातून एक कळलं. पैशाअभावी जे दुःख आहे ते पैशाने जातं, आणि आमच्या घरातलं २०१८ चं दुःख त्यातलं नव्हतंच. टर्नओव्हर अजून दुप्पट झाला असता तरी मिस्टर अकरालाच घरी आले असते.

आम्ही एक व्हीएमसी २०२१ मध्ये तोट्यात विकली. घर सोडवायला आणखी तीन वर्षं लागली. आता पाच ग्राहक आहेत, कुणाकडूनही ३५ टक्क्यांपेक्षा जास्त काम घेत नाही. चौदा माणसं, पगार सातला म्हणजे सातला. मिस्टर साडेसातला घरी येतात. वहीच्या पहिल्या पानावर आम्ही दोघांनी मिळून लिहिलंय की आपल्याला किती पुरे आहे, रुपयांत, तासांत आणि कर्जाच्या आकड्यात. दर पाडव्याला ते पान काढतो, कधी आकडा बदलतो. तुमचा आकडा आमच्यापेक्षा कितीतरी मोठा असू शकतो आणि त्यात काही वावगं नाही. फक्त तो ऑर्डर समोर नसताना लिहिलेला हवा. ऑर्डर समोर असली की "पुरे" हा शब्द सुचत नाही.

आणि हे सोपं आहे असं समजू नका. मागच्या वर्षी आम्ही एक मोठं काम नाकारलं. ते आमच्याच गल्लीतल्या एकाने घेतलं आणि त्याचं उत्तम चाललंय. नवीन शेडच्या पूजेला आम्ही दोघं गेलो होतो, प्रसाद घेऊन आलो. त्या रात्री मी वही काढून नकाराचं कारण पुन्हा वाचलं. पेमेंट १२० दिवस, आणि आमच्या एकूण कामात त्यांचा वाटा ६० टक्के झाला असता. त्याच्याकडे घरचं भांडवल आहे आणि दोन मुलं धंद्यात उतरली आहेत, त्याला ते पेलतं. आम्हाला पेललं नसतं. मिस्टरांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "आज विचारलं असतं तरी नाहीच म्हटलं असतं." मग झोपलो.

तर तुम्ही एवढं करा. कंपनी पेमेंट किती दिवसांत देणार ते लेखी मागवून घ्या. तुमच्या एकूण कामात त्यांचा वाटा किती होईल, मशीनचा ईएमआय किती आणि तारण काय लागतंय, हे सगळं इथेच खाली लिहा. कंपनीचं नाव नको. रविवारी गाळा बंद असतो, मी बसून महिनावार मांडून देते.