अपडेटनंतर वाय-फाय डोंगल बंद पडला तर: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची नेहमीची सुरक्षा अपडेट्स थांबली आणि बऱ्याच घरांतले जुने संगणक विंडोज ११ नाहीतर लिनक्स मिंट या मोफत प्रणालीवर गेले. तेव्हापासून येणाऱ्या पत्रांत एक तक्रार पुन्हा पुन्हा दिसते: संगणक उत्तम चालतो, पण यूएसबीला लावलेला वाय-फाय किंवा लॅनचा अ‍ॅडॉप्टर ओळखला जात नाही. डोंगल जळाला असं समजून लोक नवा आणतात. बहुतेक वेळा डोंगल धडधाकट असतो, त्याचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला ते उपकरण चालवायला शिकवणारा प्रोग्राम, मागे राहिलेला असतो. म्हणून यावेळचं सदर फक्त या विषयाला दिलं आहे.

प्रश्न: डेस्कटॉप विंडोज १० वरून ११ वर नेला. सात-आठ वर्षं जुना यूएसबी वाय-फाय डोंगल आता चालत नाही. ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर हवा. काय करू? (सोलापूर)

तुमचा अँड्रॉइड फोन सध्या घरच्या वाय-फायला जोडलेला ठेवा. चार्जिंगची केबल संगणकाला लावा आणि फोनच्या सेटिंग्जमध्ये हॉटस्पॉट व टेदरिंगच्या पानावर जाऊन ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करा. विंडोजला हा फोन लॅन कार्डासारखा दिसतो आणि त्यासाठी लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासून असतो. फोन वाय-फायवर असेल तर तेच इंटरनेट पुढे जातं, मोबाइलचा डेटा खर्च होत नाही. केबल मात्र डेटा नेणारी हवी. काही स्वस्त केबली फक्त चार्जिंगच्या असतात.

इंटरनेट आलं की सेटिंग्ज, विंडोज अपडेट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, ऑप्शनल अपडेट्स या वाटेने जा. तिथे ड्रायव्हरची वेगळी यादी असते आणि ती आपोआप बसत नाही, खूण करून बसवावी लागते. काम तिथेच झालं तर उत्तम.

नाही झालं तर डिव्हाइस मॅनेजर उघडा. पिवळ्या खुणेच्या उपकरणावर उजवी क्लिक, मग प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. तिथे व्हीआयडी (कंपनीचा क्रमांक) आणि पीआयडी (उपकरणाचा क्रमांक) असे दोन आकडे दिसतील. व्हीआयडी ‘०बीडीए’ असेल तर उपकरण रिअलटेकचं, ‘०ई८डी’ असेल तर मीडियाटेकचं, ‘१४८एफ’ असेल तर रॅलिंकचं. रॅलिंक ही कंपनी २०११मध्ये मीडियाटेकने घेतली. डबीवर कोणाचंही नाव छापलेलं असो, ड्रायव्हर शोधायचा तो या आकड्यांवरून. मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉग या संकेतस्थळावर हेच आकडे टाकून शोधता येतं. मिळालेली कॅब फाइल (आवळून बांधलेला संच) उलगडून एका फोल्डरात ठेवा आणि डिव्हाइस मॅनेजरमधल्या ‘अपडेट ड्रायव्हर’ला ते फोल्डर दाखवा. ‘ड्रायव्हर अपडेटर’ म्हणून जाहिरातींत दिसणारे मोफत प्रोग्राम कृपा करून घेऊ नका. नेमका चुकीचा ड्रायव्हर बसवून वर पैसे मागणारे त्यांत पुष्कळ आहेत.

एक इशारा. विंडोज ११मध्ये ‘मेमरी इंटिग्रिटी’ नावाचं संरक्षण असतं आणि फार जुने ड्रायव्हर ते चालू देत नाही. ते बंद केलं की डोंगल चालतो, असा सल्ला तुम्हाला कुठेतरी मिळेल. बँकेचे व्यवहार ज्या संगणकावर होतात तिथे काही शे रुपयांच्या डोंगलसाठी हे संरक्षण काढणं मला अजिबात पटत नाही. अशा वेळी डोंगल बदला.

प्रश्न: आमच्या शाळेच्या संगणक कक्षात लिनक्स मिंट आहे. वाय-फाय डोंगलचा ड्रायव्हर एका माजी विद्यार्थ्याने इंटरनेटवरून घेऊन बसवला होता. अपडेटनंतर सगळी यंत्रं एकदम ऑफलाइन झाली. डोंगलमध्ये आरटीएल८८१२एयू ही चिप आहे. (सातारा जिल्हा, शिक्षिका)

बाई, सगळी यंत्रं एकदम गेली याचाच अर्थ डोंगल ठीक आहेत. आधी उद्याचा तास वाचवू. यंत्र सुरू करताना शिफ्ट कळ दाबून ठेवा, नव्या यंत्रांवर एस्केप कळ एकदा दाबा. ग्रबचा, म्हणजे काय सुरू करायचं ते विचारणारा, मेन्यू येईल. त्यात ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जुन्या कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) क्रमांक असेल, तो निवडा. मिंट अपडेट करताना जुनं कर्नल लगेच पुसत नाही, त्यामुळे वाय-फाय बहुधा तिथल्या तिथे परत येईल.

आता कारण. लिनक्समध्ये ड्रायव्हर कर्नलचाच भाग असतो. जे ड्रायव्हर कर्नलच्या मूळ संचात आहेत ते कर्नलबरोबर तयार होतात आणि कर्नलबरोबरच सुधारले जातात. बाहेरून आणलेला ड्रायव्हर मात्र ज्या कर्नलसाठी बनवला तिथेच चालतो. कर्नलची आतली रचना बदलत ठेवण्याचं स्वातंत्र्य कर्नलकारांनी जाणीवपूर्वक राखलं आहे. आतली जोडणी कायम तशीच राहील असं वचन ते देत नाहीत. त्यामुळे ६.८ कर्नलवर बनवलेला ड्रायव्हर ६.१४ वर चढत नाही, तो नव्याने बनवावा लागतो.

हे बनवण्याचं काम आपोआप व्हावं म्हणून डीकेएमएस नावाची व्यवस्था आहे. ती मुळात डेल कंपनीतून आली. नवं कर्नल बसलं की डीकेएमएस बाहेरचा ड्रायव्हर त्या कर्नलसाठी पुन्हा बांधतं. पण ते तीन ठिकाणी अडतं. नव्या कर्नलच्या हेडर फाइली (बांधणीला लागणारे त्याचे नकाशे) बसलेल्या नसतील तर बांधणीच सुरू होत नाही. ड्रायव्हरचा मजकूर जुना असेल तर बांधणी अर्ध्यावर मोडते, आणि अपडेटच्या भराभर सरकणाऱ्या ओळींत तो संदेश कुणी वाचत नाही. तिसरं, सिक्युअर बूट (सही नसलेलं काही सुरू होऊ न देणारी सोय) चालू असेल तर बांधलेल्या ड्रायव्हरवर सही लागते. त्यासाठी पुढच्या बूटला एक निळा पडदा येतो आणि आधी ठरवलेला पासवर्ड मागतो. घाईत ‘कंटिन्यू’ दाबून तो ओलांडला तर ड्रायव्हर डिस्कवर असतो, पण कर्नल त्याला आत घेत नाही.

तुमच्या बाबतीत एक चांगली बातमी आहे. आरटीएल८८१२एयू आणि तिची धाकटी बहीण आरटीएल८८२१एयू या चिपांचा ड्रायव्हर आता कर्नलच्या मूळ संचात आला आहे, ६.१४ कर्नलमध्ये तो आहे. उबंटू २४.०४ला हे कर्नल ऑगस्ट २०२५च्या २४.०४.३ आवृत्तीबरोबर मिळालं आणि मिंट २२ची मालिका त्याच पायावर उभी आहे. तेव्हा तुमची यंत्रं ६.१४ किंवा त्यापुढे गेली असतील तर माजी विद्यार्थ्याने बसवलेल्या ड्रायव्हरची गरजच उरलेली नाही. उलट तो काढून टाका, कारण एकाच चिपवर दोन ड्रायव्हर हक्क सांगू लागले की कधी एक चिकटतो, कधी दुसरा. ड्रायव्हरच्या फोल्डरात काढून टाकण्याची स्क्रिप्ट बहुधा असते. त्याने नव्या ड्रायव्हरला मज्जाव करणारी ‘ब्लॅकलिस्ट’ फाइल टाकली असेल तर तीही काढावी लागेल. त्या विद्यार्थ्यालाच बोलवा, काय कुठे ठेवलं ते त्याला आठवेल. एवढं करूनही डोंगल उठला नाही तर ‘लिनक्स-फर्मवेअर’ हे पॅकेज अद्ययावत आहे का पाहा; ड्रायव्हर असून चिपमध्ये भरायची फर्मवेअर फाइल नसेल तरीही डोंगल मुका राहतो.

आणि यापुढे सगळ्या यंत्रांवर एका दिवशी कर्नल बदलू नका. एका यंत्रावर बदला, आठवडाभर मुलांना वापरू द्या, मग बाकीच्यांवर. मिंटच्या अपडेट मॅनेजरमध्ये ‘व्ह्यू’ खाली कर्नलची यादी असते, तिथून कोणतं ठेवायचं ते ठरवता येतं. त्याआधी मिंटमधल्या टाइमशिफ्ट या सोयीने यंत्रणेची एक प्रत घेतलेली असावी. कक्षात शक्य तिथे लॅनची तार ओढा असंही मी सुचवेन. शाळेच्या यंत्रांना जागा बदलायची नसते, आणि तारेला असल्या अडचणी फार कमी येतात.

प्रश्न: टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन हा एकाच नावाचा डोंगल भावाकडेही आहे आणि माझ्याकडेही. दोघांचं लिनक्स एकच. त्याचा कुठल्याही अपडेटनंतर चालतो, माझा अडतो. असं कसं? (नाशिक)

खोक्यावरचं नाव एक असलं तरी आतली चिप वेगळी आहे. या मॉडेलच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ चिप होती, तिचा ड्रायव्हर कर्नलमध्ये फार वर्षांपासून आहे. दुसऱ्या आवृत्तीपासून रिअलटेकची आरटीएल८१८८ईयूएस आली आणि तिला बरीच वर्षं बाहेरच्या ड्रायव्हरचा आधार घ्यावा लागला. डोंगलच्या पाठीवर बारीक अक्षरांत ‘व्हर्जन’ किंवा ‘व्हीईआर’ लिहिलेलं असतं, ते भिंगातून वाचा. नव्या कर्नलमध्ये तुमच्याही चिपची सोय झाली आहे, तेव्हा ६.८ किंवा त्यापुढच्या कर्नलवर बाहेरचा ड्रायव्हर काढून एकदा तपासा.

प्रश्न: नवा डोंगल लावला की वाय-फायऐवजी सीडी ड्राइव्ह दिसते! अपडेटआधी असं नव्हतं. (कोल्हापूर)

काही डोंगल आपल्या पोटात विंडोजचा ड्रायव्हर घेऊन येतात आणि पहिल्यांदा सीडी म्हणून दिसतात. ड्रायव्हर बसला की ते रूप बदलून वाय-फाय होतात. अपडेटमध्ये ड्रायव्हर गळाला की पुन्हा सीडीच. विंडोजवर त्या सीडीतला सेटअप पुन्हा चालवा. लिनक्सवर ‘यूएसबी-मोडस्विच’ हे पॅकेज हे रूपांतर करून देतं. साधी सीडी ‘इजेक्ट’ केल्यानेही पुष्कळदा भागतं.

प्रश्न: इंटेल मॅकबुकवर मॅकओएस कॅटालिनापर्यंत चालणारा यूएसबी वाय-फाय डोंगल नव्या एम२ मॅकबुकवर काहीच करत नाही. शिवाय मॅकओएस अपडेटनंतर लॅनचा अ‍ॅडॉप्टरही कधी कधी दिसत नाही. (श्टुटगार्ट, जर्मनी)

डोंगलचा विचार सोडून द्या. मॅकवर असे डोंगल कंपनीच्या कर्नल एक्स्टेन्शनवर, म्हणजे थेट गाभ्यात बसवायच्या ड्रायव्हरवर, चालायचे. अ‍ॅपलने २०१९च्या कॅटालिनापासून त्या पद्धतीला निरोप द्यायला सुरुवात केली, पुढच्या बिग सरमध्ये पकड आणखी घट्ट केली, आणि अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपांवर असं एक्स्टेन्शन घालायचं तर रिकव्हरीत जाऊन यंत्राची सुरक्षा खाली आणावी लागते. डोंगलवाल्या बहुतेक कंपन्यांनी नवे ड्रायव्हर काढलेच नाहीत. वाय-फायची रेंज कमी पडत असेल तर लॅनचं भोक असलेला एक रिपीटर घ्या आणि तिथून मॅकला तार द्या.

लॅन अ‍ॅडॉप्टरची गोष्ट वेगळी आहे, त्याचा इलाज आहे. यूएसबीवरच्या इथरनेटसाठी सर्वमान्य प्रमाण आहे आणि मॅकओएस ते जाणतं, म्हणून आरटीएल८१५३ चिपचे अ‍ॅडॉप्टर वेगळा ड्रायव्हर न घालता चालतात. मॅकओएस व्हेंचुरापासून एम मालिकेच्या लॅपटॉपना नवं यूएसबी उपकरण जोडताना परवानगी विचारली जाते. सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली ती नोंद पाहा, आणि पडदा कुलूपबंद असताना अ‍ॅडॉप्टर लावू नका. परवानगी असूनही दिसला नाही तर नेटवर्कच्या पानावरून त्याची जुनी नोंद काढून नवी घाला.

प्रश्न: डोंगल ओळखला जातो, पण विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर दर थोड्या वेळाने तुटतो. ऑनलाइन मुलाखती असतात, फार मनस्ताप होतो. (ठाणे)

आधी वीजबचत तपासा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डोंगलच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘पॉवर मॅनेजमेंट’ असतं, तिथली संगणकाला उपकरण बंद करू देणारी खूण काढा. यूएसबी रूट हबांचीही काढा. पॉवर ऑप्शन्समध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा. मोठ्या अपडेटमध्ये ड्रायव्हर नव्याने बसला की या खुणा परत आलेल्या असू शकतात, म्हणून आधी काढल्या असतील तरी पुन्हा पाहा. त्याने भागलं नाही तर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण जागं आहे का पाहा. असेल तर मागचा ड्रायव्हर परत घ्या.

आणखी एक गोष्ट, जी अपडेटच्या माथी उगाच मारली जाते. यूएसबी ३ च्या पोर्टातून आणि तिथे लावलेल्या हार्ड डिस्कमधून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओचा गोंगाट होतो. इंटेलने २०१२मध्येच यावर सविस्तर लिहिलं आहे. वाय-फाय त्याच पट्ट्यावर असेल तर कनेक्शन तुटू शकतं. डोंगल हातभर एक्स्टेन्शन केबलवर लांब ठेवा किंवा ५ गिगाहर्ट्झला जोडा. मुलाखत उद्या असेल तर हे आजच करा, आणि फोनची यूएसबी टेदरिंग एकदा चालवून तयार ठेवा.

प्रश्न: मग अपडेट बंदच ठेवलं तर? आणि नवा घ्यायचा तर कोणता? (पुणे)

अपडेट बंद ठेवू नका. त्याऐवजी मोठ्या अपडेटआधी ड्रायव्हरची प्रत काढून ठेवा. विंडोजमध्ये सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरात, सिस्टिम३२ खाली, ड्रायव्हरस्टोअरमध्ये ‘फाइलरिपॉझिटरी’ आहे. ती पेनड्राइव्हवर कॉपी करून ठेवली तर अडचणीच्या वेळी ‘अपडेट ड्रायव्हर’ला तेच फोल्डर दाखवता येतं. आकार काही जीबी असतो, पण जागा मोडू द्या.

घेताना चिप विचारून घ्या. लिनक्सवर वाय-फायसाठी मीडियाटेकच्या चिपा मला सगळ्यांत निर्धास्त वाटतात: एमटी७६१२यूचा ड्रायव्हर कर्नलमध्ये २०१८पासून आहे, वाय-फाय ६ हवं असेल तर एमटी७९२१एयूचा २०२२च्या ५.१८ कर्नलपासून. लॅनसाठी आरटीएल८१५३ विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडे चालते. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जाणार असाल तर लिनक्स मिंटचा लाइव्ह पेनड्राइव्ह आणि लॅपटॉप बरोबर न्या. दुकानातच पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करा, काही न बसवता डोंगल लावा. वाय-फायची यादी दिसली तर पैसे द्या.