रग्बी लीगमध्ये बॉल कोणत्या कंपनीचा आहे याने खेळात खरंच फरक पडतो का?

तुम्ही दोन प्रश्न एकत्र विचारलेत. एनआरएलमध्ये, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या रग्बी लीगच्या मुख्य स्पर्धेत, जिकडेतिकडे स्टीडन कंपनीचाच बॉल का दिसतो, आणि तो गिल्बर्ट या दुसऱ्या कंपनीच्या बॉलपेक्षा वेगळा खेळतो का? आणि पुण्यात मित्रांबरोबर खेळायला यातला कोणता घ्यावा? मी मुंबईत कॉलेजात असताना रग्बी युनियन, म्हणजे रग्बीचा पंधरा जणांचा दुसरा प्रकार, खेळलो. आता सिडनीच्या पश्चिमेकडे राहतो, पॅरामॅटा या तिथल्या लीग क्लबच्या मॅचेस बघतो आणि शनिवारी पोरांच्या सामन्यांना बॉलमध्ये हवा भरायचं काम बहुतेक माझ्याकडेच असतं. त्या अनुभवावर सांगतो.

आकार, पकड आणि हवा यांनी फरक पडतो, आणि चांगलाच पडतो. कंपनीने पडतो तो मुख्यतः एका बॉलची सवय असलेल्या माणसाच्या हातात दुसरा बॉल आला की.

आधी आकडे बघा. युनियनच्या नियमात बॉलचं वजन 410 ते 460 ग्रॅम, लीगच्या नियमात 380 ते 440. टोकावरून मोजलेला लांबीचा घेर युनियनमध्ये 74 ते 77 सेंटीमीटर, लीगमध्ये 73 ते 75. म्हणजे कागदावर 420 ग्रॅमचा एखादा बॉल दोन्हीकडे चालून जाईल. हातात घेतल्यावर मात्र लीगचा बॉल जरा सडपातळ आणि टोकांना निमुळता लागतो. युनियनमधून आलेल्याला पहिल्या पाच मिनिटांत ते जाणवतं.

हा आकार लीगच्या खेळाला जुळतो. 1895 मध्ये हडर्सफील्डला उत्तर इंग्लंडमधले क्लब युनियनपासून वेगळे झाले, पुढे लाइनआउट (बाहेर गेलेला बॉल दोन रांगांमध्ये फेकून खेळ सुरू करणं) गेला, 1906 मध्ये संघ तेरा जणांचा झाला आणि टॅकलनंतर, म्हणजे बॉलवाल्याला पकडून पाडल्यावर, उठून बॉल पायाने मागे ढकलायची पद्धत आली. आज एका मॅचमध्ये दोनशेहून जास्त वेळा हे घडतं. दर वेळी मागे उभा असलेला डमी हाफ वाकून जमिनीवरचा बॉल उचलतो आणि त्याच हालचालीत दहा-पंधरा मीटर लांब, गिरकी घेणारा पास देतो. बॉल सडपातळ असेल तर बोटं जास्त वळून बसतात, गिरकी चांगली लागते आणि पास सरळ जातो. लीगमधल्या सगळ्यात महत्त्वाच्या कौशल्याला बॉलची जी मदत होते ती इथे. कॉमेंटरीत मात्र बहुतेक वेळ किकवरच जातो.

पकडीचं म्हणाल, तर बॉलवरच्या त्या बारीक पुळ्या शोभेच्या नाहीत. पूर्वी बॉल चामड्याचा असायचा, पाणी प्यायचा, जड व्हायचा, चिखलाने गुळगुळीत व्हायचा. 1968 च्या चॅलेंज कप या इंग्लंडमधल्या लीग स्पर्धेच्या फायनलला वेम्बलीवर इतकं पाणी साचलं होतं की त्या सामन्याचं नावच वॉटरस्प्लॅश पडलं. वेकफील्डच्या डॉन फॉक्सने शेवटच्या क्षणी गोलपोस्टच्या समोरून मारलेली किक हुकली आणि लीड्स 11-10 ने जिंकली. दोष मुख्यतः पायाखालच्या डबक्याचा, हे खरं. पण त्या दिवशी भिजून जड झालेल्या चामड्याने कोणालाच मदत केली नसणार. आताचं रबरी आवरण पाणी पीत नाही. तरीही उत्तर क्वीन्सलंडमध्ये, टाऊन्सव्हिलसारख्या दमट ठिकाणी, रात्रीच्या मॅचला घाम आणि दव यांनी बॉल साबणासारखा होतो. नवाकोरा बॉल तर सुरुवातीला आणखी निसरडा. त्यामुळे पुळ्यांची उंची आणि रबराचा चिकटपणा यांत कंपन्यांमध्ये खरा फरक असतो. एक झेल सुटला की काय होतं ते एनआरएलच्या 2015 च्या ग्रँड फायनलला दिसलं: 16-16 अशी बरोबरी, गोल्डन पॉइंट (जादा वेळेत जो आधी गुण करेल तो जिंकतो) सुरू, ब्रिस्बेनच्या बेन हंटच्या हातून किक-ऑफच सुटला, आणि थोड्याच वेळात थर्स्टनच्या फील्ड गोलने (चालू खेळात पोस्टमधून मारलेल्या एका गुणाच्या किकने) त्याचा संघ काउबॉइज 17-16 ने जिंकला. बॉल दोघांनाही तोच होता, म्हणून बॉलला कोणी बोल लावला नाही.

आता किक. निमुळत्या टोकामुळे टप्पा बेभरवशाचा, आणि लीगचे काही नियम त्या टप्प्यावरच उभे आहेत. 40-20 ची किक घ्या: स्वतःच्या 40 मीटर रेषेच्या मागून मारायची, मैदानात टप्पा पडून बॉल प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या 20 मीटरमध्ये बाजूच्या रेषेबाहेर जायला हवा, मग बॉल तुमच्याकडेच परत. चेंडू गोल असता तर हे निव्वळ मापाचं काम झालं असतं. पेनरिथ क्लबचा नेथन क्लीअरी जो तरंगता बॉम्ब, म्हणजे खूप उंच किक, मारतो त्यात तो बॉलला जवळजवळ गिरकीच देत नाही. गिरकी नसली की बॉल हवेत स्थिर राहत नाही, शिवणींवरून हवा कधी या बाजूने तर कधी त्या बाजूने सुटते, आणि खाली उभा असलेला फुलबॅक, म्हणजे सगळ्यात मागचा खेळाडू, शेवटपर्यंत पाय हलवत राहतो. शिवण आणि व्हॉल्व्हची जागा इथे महत्त्वाची. व्हॉल्व्हमुळे एक बाजू किंचित जड होते, म्हणून गिल्बर्टने तो शिवणीत बसवला.

किकर लोक याबाबत किती संशयी असतात त्याचं उदाहरण युनियनमधलं आहे. 2011 च्या वर्ल्ड कपमध्ये रोमानियाविरुद्ध इंग्लंडच्या दोन सहायकांनी कन्व्हर्जनच्या, म्हणजे ट्राय (बॉल गोलरेषेपलीकडे टेकवणं) झाल्यावर मिळणाऱ्या किकच्या, आधी बॉल बदलला. ज्या बॉलने ट्राय झाला त्यानेच कन्व्हर्जन मारायची असा नियम आहे. दोघांना पुढच्या सामन्यासाठी त्यांच्याच संघटनेने बाहेर बसवलं. लक्षात घ्या, सगळे बॉल एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे होते! तरी त्यांना अमुक बॉल बरा वाटत होता.

माझ्या मते यातलं बरंच हवेत असतं, अगदी शब्दशः. समजा 25 अंशांच्या खोलीत तुम्ही 10 पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) हवा भरली आणि बॉल 5 अंशांच्या थंडीत नेला. दाब साधारण सव्वाआठवर येतो. इंग्लंडच्या यॉर्कशरमध्ये फेब्रुवारीच्या रात्री हे सहज होतं. मऊ बॉल पायावर जास्त दबतो आणि कमी लांब जातो. लोक कंपनीला शिव्या देतात, आणि पंप कोणी कुठे मारला हे विचारतच नाहीत.

मग सगळीकडे स्टीडनच का? क्वीन्सलंडच्या रेमंड स्टीडनने सुरू केलेला हा ब्रँड ऑस्ट्रेलियात इतका रुजलाय की लोक लीगच्या बॉललाच स्टीडन म्हणतात. पोरंही आधी मिनी, मग मॉड ही लहान मापं आणि तेराव्या वर्षाच्या आसपास पूर्ण मापाचा, अशी त्याच्यावरच वाढतात. इंग्लंडच्या सुपर लीग या मुख्य स्पर्धेत अनेक वर्षं ऱ्हायनो कंपनीचा बॉल होता, नंतर तिकडेही स्टीडन आला. क्रिकेटमध्ये एसजी, ड्यूक्स आणि कुकाबुरा या कंपन्यांच्या बॉलवर मालिकेचा रंग बदलतो, कारण तिथे बॉल जुना होत जाणं हाच खेळाचा भाग आहे. लीगमध्ये बॉल जुना व्हायला वेळच मिळत नाही, आणि दोन्ही संघ एकाच प्रकारच्या बॉलवर खेळतात. त्यामुळे अधिकृत बॉलचा करार हा मला तरी खेळापेक्षा पैशांचा आणि जाहिरातीचा विषय वाटतो.

पुण्यासाठी: स्टीडन परदेशातून मागवायचा हट्ट नको, बॉलपेक्षा कुरिअर महाग पडेल. रग्बीचे बॉल आपल्या जालंधरमध्येही बनतात. पाच नंबरचा कोणताही हाताने शिवलेला, ठसठशीत पुळ्यांचा बॉल घ्या. युनियनचा असला तरी टच (पाडण्याऐवजी नुसता हात लावायचा रग्बी) खेळायला काहीच अडत नाही. फक्त सगळ्यांनी त्याच बॉलवर सराव करा. चकचकीत, गुळगुळीत प्लास्टिकचा घेऊ नका, पहिल्या पावसात हातातून निसटेल. सुई घालताना टोकाला थेंबभर ग्लिसरीन लावा, कोरडी सुई खुपसली की व्हॉल्व्ह फाटतो. आणि हवा मैदानावर पोहोचल्यावर भरा.