वसतिगृहात खरूज पुन्हा पुन्हा का येते? फवारणी करावी का?

तुम्ही लिहिलंय की खाज होती त्याच मुलांना मलम दिलं, चादरी उकळल्या, तरी महिन्याभरात खरूज परत आली. घोळ त्या ‘त्याच मुलांना’मध्येच आहे.

खरजेची खाज ही कातडीत शिरणारा बारीक किडा, त्याची अंडी आणि विष्ठा यांची अॅलर्जी असते. पहिल्यांदा लागण झालेल्याला ती सुटायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर तो मुलगा स्वतः न खाजवता शेजारच्याला खरूज देत असतो. ‘खाज नाही त्याच्यावर औषध का वाया घालवायचं?’ हा प्रश्न ऐकला की माझा संताप होतो. फिजीच्या बेटांवरच्या अभ्यासाचे निकाल 2015 साली आले. फक्त रुग्ण आणि त्यांच्या संपर्कातल्यांना औषध दिलं तिथे वर्षभरात खरूज 49 टक्क्यांनी घटली. सरसकट सगळ्यांना पर्मेथ्रिन हे मलम दिलं तिथे 62, आणि आयव्हरमेक्टिन हे पोटात घ्यायचं औषध दिलं तिथे 94 टक्क्यांनी. आता सांगा, वाया काय गेलं?

तेव्हा मुलं, वॉर्डन, स्वयंपाकी, सगळे एकाच रात्री. 5 टक्के पर्मेथ्रिन कोरड्या अंगावर, मानेपासून तळपायापर्यंत. बोटांच्या बेचक्या, काखा, बेंबी, जांघा, नखांखालीसुद्धा. मोठ्या माणसाला साधारण 30 ग्रॅम लागतं. एक ट्यूब तिघांत वाटली किंवा नुसत्या पुरळावर लावली की उपचार फसलाच. 8 ते 14 तास अंगावर राहू द्या, मध्ये हात धुतले तर हातांना पुन्हा लावा. आठवड्याभराने हे सगळं परत करायचं. आयव्हरमेक्टिन घ्यायचं तर किलोमागे 200 मायक्रोग्रॅम. त्याने अंडी मरत नाहीत, म्हणून 7 ते 14 दिवसांनी दुसरा डोस चुकवू नका. 15 किलोंखालच्या मुलांना आणि गरोदर बाईला ते देत नाहीत.

एवढं करूनही उलटली तर जाड खपल्यांचा रुग्ण शोधा. एरवी अंगावर दहा-पंधरा किडे असतात, त्याच्या अंगावर हजारो, कधी लाखो. त्याला वेगळा, जास्त दिवसांचा उपचार लागतो.

फवारणी नको. माणसापासून सुटलेला किडा दोन-तीन दिवसांत मरतो. कपडे, चादरी उपचाराच्याच दिवशी गरम पाण्यात धुवा. धुता येत नाही ते पिशवीत बांधून आठवडाभर ठेवा.

उपचारानंतरही दोन-चार आठवडे खाज राहते. तेवढ्यावरून रोज मलम चोपडू नका, कातडी सोलवटते. मात्र फोडांत पू झालेल्या मुलांना आधी डॉक्टरांकडे न्या, त्या जंतूंमुळे मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. आणि कर्मचाऱ्यांच्या घरी दोन महिन्यांखालचं बाळ असेल तर त्याचं औषध डॉक्टरांनाच ठरवू द्या.