प्रार्थना करतेय, मग शांती का मिळंना?

अक्कांना विचारा

या वेळी सोलापूरकडनं आलेली चार पत्रं घेतलीत. चौघांचं दुखणं वेगळं, पण फिरून फिरून गोष्ट एकाच ठिकाणी येतेय म्हणून एकत्रच उत्तर देते. पत्रं थोडी कापलीत आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

प्रश्न : अक्का, जय ख्रिस्त. मिस्टर टॉवेलच्या कारखान्यात होते, किडनीचा त्रास सुरू झाला आणि काम सुटलं. आता आठवड्यातून दोनदा डायलिसिस. मी शिवणकाम करते, सकाळी डबे करून देते, त्यात पाण्याची पाळी आली की रात्रीची झोप पण जाते. मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, बायका प्रार्थनेला घरी येतात, चांगल्या आहेत, पण त्यातल्या एक-दोघी म्हणतात की तुमचा विश्वास कुठंतरी कमी पडतोय, घरात काही पाप लपलंय का बघा. रात्री गुडघ्यावर बसले तर शब्दच सुचत नाहीत, नुसतं रडायला येतंय, आणि खरं सांगायचं तर कधी कधी देवाचाच राग येतोय. सगळे म्हणतात ख्रिस्तात शांती आहे, मग ती मला का मिळंना? – एक बहीण

उत्तर : जय ख्रिस्त, बाई. आधी त्या पापाच्या गोष्टीचं बघू, कारण ती तुमच्या मनात काट्यासारखी रुतून बसलेली दिसतेय.

बायबलमधे योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मापासून आंधळा असलेला एक माणूस आहे. शिष्य येशूला विचारतात, पाप कुणी केलं, यानं का याच्या आईबापानं? म्हणजे तुमच्या घरी जो प्रश्न आला तोच. येशू म्हणाला यानंही नाही आणि याच्या आईबापानंही नाही. इतकं सरळ लिहिलेलं असताना आजारी माणसाच्या घरात चहा पिऊन पाप शोधायला लोक कसे काय बसतात मला कळत नाही. पुढच्या वेळी कुणी बोललं तर भांडू नका, त्यांनाच तो अध्याय मोठ्यानं वाचायला लावा.

आता रागाचं. तुम्हाला वाटतंय देवावर रागावणं म्हणजे विश्वास गेला. मग स्तोत्रं लिहिणाऱ्या दाविद राजाचं काय करायचं? तेराव्या स्तोत्रात तो सुरुवातीलाच चार वेळा विचारतो, कोठवर, कोठवर, तू मला विसरलास काय. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी सुद्धा उजेड नाही, आणि ते कुणी काढून टाकलं नाही, तसंच ठेवलंय पवित्र शास्त्रात. विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायातलं 'देवाची दया रोज सकाळी नवी होते' हे वचन आपण कॅलेंडरवर छापतो, पण त्याच अध्यायात दहाव्या वचनात तोच माणूस म्हणतोय की देव माझ्यासाठी दबा धरून बसलेल्या अस्वलासारखा झालाय. ते काही कॅलेंडरवर येत नाही. दोन्ही एकाच तोंडचं आहे. देवाशी भांडायला सुद्धा देव समोर आहे असं धरावंच लागतं की नाही? ज्याचा विश्वास खरंच गेला तो रात्री गुडघ्यावर बसून रडत नाही, तो झोपतो. म्हणून तुमचं ते रडणं मी प्रार्थनाच धरते, येशूचा प्रेषित पौल रोमकरांस पत्रात पण हेच सांगतो की आपल्याला प्रार्थना करता येत नाही तेव्हा देवाचा आत्मा शब्दांवाचून कण्हून आपल्यासाठी मागतो.

आणि शांतीचं. फिलिप्पैकरांस पत्र, चौथा अध्याय, 'कशाविषयीही चिंता करू नका', हे तुम्हाला नक्कीच कुणीतरी ऐकवलं असणार. लिहिणारा माणूस कैदेत होता हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच पत्रात दुसऱ्या अध्यायात तो एपफ्रदीत नावाच्या सोबत्याबद्दल लिहितो, तो मरायला टेकला होता, देवानं त्याच्यावर दया केली आणि माझ्यावर पण केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. म्हणजे चिंता करू नका म्हणणाऱ्या पौलाला सुद्धा आतून पोखरणारं दुःख होतं आणि ते त्यानं लपवलं नाही. त्याच्या स्वतःच्या शरीरातला काटा जावा म्हणून त्यानं तीनदा विनवणी केली, काटा गेला नाही, माझी कृपा तुला पुरे असं उत्तर मिळालं. पौलाचा विश्वास कमी होता म्हणायचं का मग?

तेव्हा शांती म्हणजे छातीत गार वाटणं असं धरून तुम्ही बसलात तर रोज रात्री नापास व्हाल. डायलिसिसच्या घरात तसं रोज वाटणारच नाही. प्रभूच्या प्रार्थनेत रोजची भाकर आज दे असं मागायला शिकवलंय, वर्षभराची कोठी मागायला नाही. इस्राएल लोकांना रानात मान्ना, म्हणजे देवानं दिलेलं अन्न, मिळायचं ते पण त्या त्या दिवसाचं, उद्यासाठी ठेवलं तर किडे पडायचे, फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दोन दिवसांचं मिळायचं. धीर पण मला तसाच मिळताना दिसतो, आजच्यापुरता. पुढच्या वर्षी यांचं काय होईल, पोरांच्या फीचं काय, हे सगळं रात्री अकरा वाजता उचलायला गेलात तर ते उचलायचं बळ तुम्हाला अजून दिलेलंच नाही.

आपल्याकडं पंडिता रमाबाईंचं नाव सगळे घेतात, सोलापूरहून रेल्वेनं पुण्याला जाताना दौंड सोडलं की केडगाव लागतं तिथंच त्यांचं मुक्ती मिशन. पण त्यांचं आयुष्य नीट बघा. आईवडील दुष्काळाच्या काळात उपासमारीनं गेले, मग भाऊ गेला, १८८२ मधे नवरा पटकीनं गेला, पदरात लहान मुलगी. त्यानंतर त्या ख्रिस्ती झाल्या. आणि ख्रिस्ती झाल्यावर दुःख थांबलं का? १९२१ मधे एकुलती एक मनोरमा पण गेली. रमाबाई स्वतः ५ एप्रिल १९२२ ला गेल्या आणि शेवटपर्यंत बायबलच्या मराठी भाषांतराच्या कामात होत्या. त्यांना रोज आतून कसं वाटत होतं ते आपल्याला दिसत नाही, दुसऱ्या दिवशी त्या कामाला बसल्या एवढं मात्र दिसतं.

आता थोडं व्यवहाराचं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, योजनेतल्या हॉस्पिटलमधे आरोग्यमित्र बसलेला असतो, रेशन कार्ड आणि आधार घेऊन त्याला भेटा, अजून भेटला नसाल तर याच आठवड्यात. डायलिसिसच्या दिवशी संध्याकाळी घरी प्रार्थना ठेवू नका, माणूस गळून गेलेला असतो, चिडचिड होते आणि मग त्याचाही अर्थ लोक विश्वासाशी लावतात. आणि त्या बायकांना कामं सांगा हो. एकीनं डायलिसिसचे ते चार तास यांच्याजवळ बसायचं म्हणजे तुमची शिलाई होईल, दुसरीनं पाण्याच्या रात्री तुमच्या घागरी भरू लागायच्या. एकमेकांची ओझी वाहा असं गलतीकरांस पत्रात लिहिलंय, आणि सोलापुरात पाणी सुटलं की घागर हेच मोठं ओझं. ज्या येतील त्यांच्यासोबतच प्रार्थना करा. ज्या नुसतं निदान करायला येतात त्यांना दारातूनच सलाम करा.

प्रश्न : नमस्कार अक्का, आम्ही ख्रिस्ती नाही. शेजारच्या ख्रिस्ती काकूंचा तरुण मुलगा हायवेवर अपघातात गेला. अंत्यविधीला सगळे गाणी म्हणत होते, काकू पण म्हणत होत्या. आमच्या गल्लीत कुजबुज चाललीय की यांना दुःखच नाही का काय. मला जायचंय त्यांच्याकडं, पण काय बोलायचं कळंना. आपल्याकडं दहावं-तेरावं असतं, त्यांच्यात काय असतं? – शेजारीण, विजापूर रोड

उत्तर : गल्लीला म्हणावं, दुःख आहे, भरपूर आहे. ख्रिस्ती लोक मयताच्या वेळी गीतं म्हणतात कारण मेलेली माणसं पुन्हा उठवली जातील असा त्यांचा विश्वास असतो, आणि दुसरं साधं कारण म्हणजे अशा वेळी स्वतःचे शब्द फुटत नाहीत तेव्हा लहानपणापासून पाठ असलेलं गीत तोंडात येतं. थेस्सलनीकाकरांस पत्रात पौल म्हणतो की ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका. शोकच करू नका असं तो म्हणत नाही, पण आमच्याच काही लोकांनी अर्धंच ऐकलं आणि रडणाऱ्या बाईला, लोकांपुढं विश्वासाची साक्ष बिघडते म्हणून, गप्प करायला लागले, हे माझं ऐकून कुणाला राग आला तर येऊ दे. येशूचा मित्र लाजर मेला तेव्हा त्याच्या कबरेकडं जाताना येशू स्वतः रडला, तेही पाच मिनिटांनी त्याला उठवणार हे माहीत असताना.

दहावं-तेरावं असं ठरलेलं काही नसतं. काही दिवसांनी स्मरणाची प्रार्थना ठेवतात, तुम्हाला बोलावलं तर जा, मागं बसा, डोकं झाकलं तर चालतं, नाही झाकलं तरी कुणी काही म्हणत नाही. काही मंडळ्यांत ईस्टरच्या पहाटे दफनभूमीत उपासना असते, काकू नंतर तिकडं जायला निघाल्या तर सोबत जाता आलं तर बघा.

बोलायचं काय ते सांगते. 'देवाला चांगली माणसं लवकर लागतात' हे बोलू नका. 'दुसरा मुलगा आहे ना' हे तर अजिबात नको. बायबलमधल्या ईयोबाची मुलं गेली, सगळं गेलं तेव्हा त्याचे तीन मित्र आले आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. तोवर सगळं ठीक होतं. मग त्यांनी तोंड उघडलं, पानंच्या पानं सल्ले दिले, आणि पुस्तकाच्या शेवटी देव त्यांच्यावरच रागावला. तुम्ही पहिले सात दिवस घ्या. भाकरी-भाजी घेऊन जा, भांडं परत मागू नका, मुलाचं नाव घेऊन त्याची एखादी आठवण असेल तर सांगा, आईला ते नाव ऐकायचं असतं आणि लोक नेमकं तेच टाळतात. आता घरात गर्दी असेल. महिना झाला की कुणी येत नाही, तेव्हा नक्की जा.

प्रश्न : अक्का, वय २४. दोनदा परीक्षा गेली, वर्षभर डॉक्टरच्या गोळ्या चालू आहेत डिप्रेशनच्या. एका प्रार्थना सभेत सांगितलं की गोळ्या घेणं म्हणजे अविश्वास, बंद कर, प्रभू बरं करील. मला कळत नाही. कधी कधी वाटतं रात्री झोपावं आणि सकाळी उठूच नये. – नाव नको

उत्तर : बाळा, गोळ्या बंद करायच्या नाहीत. एकदम बंद केल्या तर त्रास वाढतो, कमी-जास्त करायचं ते तुझा डॉक्टर करेल, सभेत माईक घेतलेला माणूस नाही. पौलासोबत फिरणारा लूक वैद्य होता, आणि पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घे असं पौलानं आपला तरुण सोबती तीमथ्य याला लिहून कळवलं, प्रार्थना करून गप्प बस असं नाही लिहिलं.

ते शेवटचं वाक्य तू सहज लिहिलंस, मी सहज वाचलं नाही. हे आजच घरात एका माणसाला सांग, आई, मामा, कुणीही, आणि डॉक्टरची पुढची तारीख लांब असेल तर अलीकडं घे. १४४१६ हा सरकारचा टेली-मानसचा फुकट नंबर आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. रात्री तसं वाटलं तर सकाळची वाट बघू नको, तेव्हाच लाव.

तुझ्यासारखंच बोललेला एक माणूस बायबलमधे आहे, एलीया, १ राजे १९. एवढा मोठा संदेष्टा, कर्मेल डोंगरावर जिंकून आलेला, आणि ईजबेल राणीनं जिवाची धमकी दिली तेव्हा रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला, पुरे झालं देवा, माझा जीव घे. देवानं त्याला काय केलं? रागावला नाही, वचन पण ऐकवलं नाही. झोपू दिलं. मग दूत आला, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं घेऊन, ऊठ खा म्हणाला. तो खाऊन परत झोपला. दूत परत आला, परत खा म्हणाला, नाहीतर पुढची वाट तुला झेपणार नाही. बोलणं सगळं नंतर, कितीतरी दिवसांनी. तर तू पण आधी जेव. घरात शेंगाचटणी आणि कडक भाकरी असेल तर तेवढं तरी खा, गोळी घे, झोप. परीक्षेचं काय करायचं ते आपण पुढच्या पत्रात बोलू, पत्र पाठव मात्र, मी वाट बघतेय.

प्रश्न : वयामुळं आणि टेन्शनमुळं बायबल उघडलं की लक्षच लागत नाही. पूर्वी अध्यायच्या अध्याय वाचायचो. आता काय वाचावं? – निवृत्त गिरणी कामगार

उत्तर : दादा, अध्याय सोडा. एकच स्तोत्र घ्या, छोटं, १२१ किंवा १३१, आणि आठवडाभर तेच वाचा. १३१ तर तीनच वचनांचं आहे. मोठ्या अक्षराचं बायबल मिळतं, ते घ्या, चष्म्याचा नंबर पण तपासून घ्या, निम्मं लक्ष डोळ्यांमुळंच जात असेल. नाहीतर नातवाला मोबाईलवर ऑडिओ लावून द्यायला सांगा, मराठी बायबल ऐकायला फुकट मिळतं, उन्हाचं दुपारी पडल्या पडल्या ऐका. मधेच डुलकी लागली तर लागू दे.