तोडफोडीनंतर पहिल्यांदाच घरविम्याचा क्लेम करताय?

आधी तो झाडू खाली ठेवा! काचा आवरायच्या घाईत पुरावाच केरात जातो. अगोदर फोटो काढा: लांबून अख्खी खोली, मग एकेक नुकसान जवळून. लगेच पोलिसांत तक्रार करून तिची प्रत घ्या आणि त्याच दिवशी विमा कंपनीला कळवा.

- फुटलेली खिडकी तात्पुरती झाका, पावती जपा. नुकसान वाढू न देणं ही तुमचीच जबाबदारी धरतात.
- सर्व्हेअर (नुकसान तपासायला येणारा माणूस) पाहून जाईपर्यंत मोडकं सामान टाकू नका, पक्की दुरुस्तीही नको.
- आकडा फुगवू नका. एका खोट्या नोंदीपायी सगळा क्लेम जाऊ शकतो.

घर बरेच दिवस बंद होतं का? मग पॉलिसीतली बंद घराबद्दलची अट आजच वाचा. घसाऱ्याचा (वस्तू जुनी झाल्याने घटलेल्या किमतीचा) हिशोब सर्व्हेनंतर बघू.